पगारातले बारा रुपये आणि तिसरी घंटा

दर जून आणि डिसेंबरच्या पगारचिठ्ठीवर एक ओळ जास्तीची येते: ‘एलडब्ल्यूएफ’. समोरचा आकडा इतका किरकोळ असतो की तो कसला म्हणून कुणी विचारत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत तो १२ रुपये होता. मी विचारलं, तेव्हा अकाउंट्सचे साहेब मान वर न करता म्हणाले, “कामगार कल्याण. सगळ्यांचेच कापतात.” त्याच वर्षी दुसऱ्या पाळीतल्या नाटकवाल्यांनी मला स्पॉट धरायला पकडलं आणि त्या १२ रुपयांचं पुढे काय होतं ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

कलेला सार्वजनिक पैसा हा विषय निघाला की आपल्याकडे सुरुवात सांगलीपासून होते. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, दरबारचा हात सुटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. राजाश्रय, मग लोकाश्रय, मग सरकारी अनुदान अशी एक सरळ गोष्ट मग सांगितली जाते. ती खोटी नाही. पण मुंबईतल्या गिरणगावाचा हिशेब त्या गोष्टीत बसत नाही. तिथे कलेसाठीचा पैसा निघाला तो दंडाच्या वहीतून.

त्याआधी निघायला हवा होता वेळ. गिरणीत आठवड्याची सुट्टीच नव्हती, तिथे तालीम कसली करणार? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. माझ्या मते कामगार रंगभूमीला मिळालेलं पहिलं अनुदान हेच.

रविवार मिळाल्यावर कोकणातून, घाटावरून आलेल्या, गाळ्यात वीस-वीसजण मिळून राहणाऱ्या माणसांनी काय केलं? भजनी मंडळं काढली, आखाडे काढले, नमन-खेळे आणि दशावतार मुंबईत आणले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. लीगचा परळचा दामोदर हॉल १९२२ पासूनचा, आणि गिरणगावातल्या हौशी नाटकवाल्यांचं ते हक्काचं ठिकाण झालं. पुढे चाळीसच्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते चळवळीच्या आणि कामगारांच्या बळावर. म्हणजे सरकारने काही सुरू करण्याच्या कितीतरी आधी नाटक होतंच. सरकार आलं ते उशिरा.

आता ती दंडाची वही. उशिरा आला, सूत तुटलं, कापडात दोष निघाला की साचेवाल्याच्या, म्हणजे माग चालवणाऱ्याच्या, पगारातून पैसे कापायचे, ही गिरण्यांची जुनी रीत. तो पैसा जायचा मालकाच्या खिशात. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडावर मर्यादा घातली, रुपयामागे अर्धा आणा, आणि वसूल झालेला दंड कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावा असं बंधन घातलं. पुढे प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. कामगार खात्याचे संसदीय सचिव गुलझारीलाल नंदा होते. १९३९ च्या सुमारास मुंबई सरकारने कामगार वस्त्यांत कल्याण केंद्रं उघडायला सुरुवात केली.

१९५३ साली मुंबई कामगार कल्याण निधी कायदा झाला आणि त्यातून कामगार कल्याण मंडळ आलं. निधीत जमा काय व्हायचं? एक, हा दंड. दुसरं, न उचललेला पगार. बदली कामगार गावी जायचा, तापाने अंथरूण धरायचा, मरायचा, नाहीतर दुसरी गिरणी धरायचा, आणि त्याचे चार-सहा दिवसांचे पैसे मालकाकडे तसेच पडून राहायचे. तीन वर्षं कुणी न नेलेला असा पगार निधीत भरावा, असं कायदा म्हणत होता. बॉम्बे डाइंग कोर्टात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९५७ च्या डिसेंबरात न्यायालयाने न उचललेल्या पगाराबद्दलची ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मग विधिमंडळाने दुरुस्ती केली: आधी जाहीर नोटीस, हक्कदाराला मागायची संधी, आणि तरीही कुणी आलं नाही तर पैसे मंडळाकडे. दर सहामाहीची वर्गणीही कायद्यात आली. कामगाराचा एक वाटा, मालकाचा त्याच्या तिप्पट. माझे १२, तर कंपनीचे ३६.

कलेला द्यायचा पैसा म्हणजे करदात्यावर भार, अशी कुरकूर नेहमी कानावर येते. या निधीबाबत तरी ती जमेला धरता येत नाही. कुणा बेपत्ता माणसाच्या न उचललेल्या मजुरीवर पुढच्या पिढीतल्या फिटरने ‘मृच्छकटिका’तला शकार उभा केला असेल, तर त्यात उपकार कुणी कुणावर केला?

आमच्या तालमी कामगार कल्याण केंद्रात चालायच्या. दिवसा तिथे बायकांचा शिवणवर्ग. संध्याकाळी सात वाजता आम्ही शिलाई मशिनं भिंतीला सारायची, त्यांच्यावर चादर टाकायची आणि खडूने फरशीवर रंगमंचाची चौकट आखायची. दार इथे, खिडकी तिथे, पलंग म्हणजे दोन बाकं. पायाखाली दोऱ्याचे तुकडे आणि एखादी टाचणी असायचीच, म्हणून अनवाणी तालीम करणाऱ्याला शिव्या बसायच्या. नायक दुसऱ्या पाळीला असला की तालीम रात्री साडेअकराला. नायिका बाहेरून यायची आणि नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, घ्यायची, ती आमच्या वर्गणीतून. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेच्या दिवशी नेपथ्याचे फ्लॅट टेम्पोतून न्यायचे, नारळ फोडायचा, आणि तिसरी घंटा झाली की प्रकाश कमी-जास्त करायच्या ज्या डिमरवर मी बोट ठेवून बसलेलो असायचो तो नेमका अर्ध्यावर अडकायचा. त्या डिमरबद्दल आम्ही एका ठिकाणी तीन वर्षं अर्ज दिले. चौथ्या वर्षी घरून पंख्याचा रेग्युलेटर नेला.

कामगारांच्या या स्पर्धांना समांतर दुसरा प्रवाह राज्य नाट्य स्पर्धेचा. पन्नासच्या दशकात मुंबई राज्याने ती सुरू केली, आणि महाराष्ट्र झाल्यावर क्रमांक नव्याने मोजायला लागले. २०१९ मध्ये एकोणसाठावी झाली. केंद्रावर प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी, तिकीट नाममात्र. रत्नागिरीचा कारकून आणि नगरचा मास्तर यांना भरल्या नाट्यगृहात पूर्ण लांबीचं नाटक उभं करता येतं ते या स्पर्धेमुळे. व्यावसायिक निर्माता तिथे फिरकणारही नाही अशी नाटकं तिथे होतात, आणि त्यातली बरीचशी वाईटही असतात. नाटक वाईट करायचीही सोय असावी लागते, हे मी प्रेक्षकांत बसून शिकलो.

सरकारी पैशाबरोबर सरकारी कात्री येते, हा आक्षेप मात्र खरा आहे. संहितेवर परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचा, शिक्का लागतो, आणि त्या शिक्क्यापायी तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. पण उलटंही घडलं आहे. पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने डिसेंबर १९७२ मध्ये तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं ते याच राज्य स्पर्धेच्या निमित्ताने. वाद पेटल्यावर १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं कुणी? सरकारने नव्हे, संस्थेनेच. मग नाटकातल्या मुलांनी बाहेर पडून १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी काढली.

गिरणगावाचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि बहुतेक परत आत गेलीच नाहीत. प्रेक्षक आणि नट एकदमच गेले. गिरण्यांच्या नावाने उतरणारे संघ हळूहळू दिसेनासे झाले. त्यांच्या जागी वीज मंडळ, एसटी, बँका, औद्योगिक वसाहतींतले कारखाने आले. दामोदरमधले प्रयोग २०२३ च्या नोव्हेंबरात थांबले, आणि तिथल्या पुनर्विकासात नाट्यगृहाला किती जागा उरणार यावरून नाटकवाले रस्त्यावर आले.

कायदा अजून आहे. जिथे पाच किंवा अधिक माणसं कामाला आहेत अशा आस्थापनांना तो लागू होतो, म्हणजे हिंजवडीतल्या कंपनीलाही. २०२४ मध्ये दर वाढले. आता कामगाराचे २५, मालकाचे ७५. माझ्या भाचीने परवा जूनची पगारचिठ्ठी मोबाइलवर दाखवून विचारलं, “मामा, हे पंचवीस रुपये कसले रे?” मी तिला तिच्या ऑफिसपासून सर्वांत जवळच्या कल्याण केंद्राचा पत्ता शोधून दिला. शिवणवर्ग सातला सुटतो, तेही सांगितलं.