नाव मोठं, चिप छोटी

२००८ च्या जून महिन्यात एन्व्हिडिया कंपनीने जीटीएक्स २८० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर गेम्सची चित्रं उमटवणारं यंत्र, ६४९ डॉलरला बाजारात आणलं. त्याच्या खालोखालचं जीटीएक्स २६० होतं ३९९ डॉलरचं. लगेच पाठोपाठ एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचं रेडिऑन एचडी ४८७० आलं, किंमत २९९ डॉलर. वेगाला ते २६० च्या तोडीस तोड होतं, काही गेम्समध्ये तर पुढेच. २८० ला ते गाठत नव्हतं, पण त्याची किंमत २८० च्या निम्म्याहूनही कमी होती. काही आठवड्यांतच एन्व्हिडियाने २८० चा भाव ४९९ वर आणि २६० चा २९९ वर आणला. कार्ड तेच, चिप तीच, कारखानाही तोच. दीडशे डॉलर उतरले ते फक्त शेजारी दुसरं दुकान उघडलं म्हणून.

ग्राफिक्स कार्डाच्या किमतीबद्दल बोलताना मी नेहमी या उन्हाळ्यापासून सुरुवात करतो. भाव कुठून येतो हे त्या काही आठवड्यांइतकं उघडपणे क्वचितच दिसलं आहे.

एएमडीला इतकं स्वस्त विकणं परवडलं कसं, हे समजायला चिप कशी कापतात ते पाहू. सिलिकॉनची वेफर म्हणजे ३०० मिलिमीटर व्यासाची गोल तबकडी, आपल्या जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर चिपचे चौकोन छापायचे आणि मग शंकरपाळ्यांसारखे कापायचे. पोळी गोल आणि तुकडे चौकोनी, त्यामुळे कडेचं वाया जातं. तुकडा जितका मोठा तितकं वाया जाणं जास्त. जीटीएक्स २८० ची चिप ५७६ चौरस मिलिमीटरची होती. भूमितीचा ढोबळ हिशेब केला तर एका वेफरमधून अशा ९५ च्या आसपास चिप निघतात. एचडी ४८७० ची चिप २५६ चौरस मिलिमीटरची, ती निघते सुमारे २३५.

यात दोष मिसळले की फरक आणखी वाढतो. समजा एका वेफरवर इकडेतिकडे ६० ठिकाणी बारीक बिघाड आहे. ठिपका ज्या चौकोनात पडेल तो चौकोन खराब. चौकोन मोठे असतील तर जवळपास प्रत्येक तिसऱ्यात एखादा ठिपका सापडतोच, आणि ९५ पैकी अठ्ठावन्न-साठच धड उरतात. लहान चौकोनांत मात्र २३५ पैकी १९० च्या आसपास सुटतात. (खराब निघालेली प्रत्येक चिप फेकून देत नाहीत. बिघडलेला भाग बंद करून ती खालच्या मॉडेलमध्ये लावतात. जीटीएक्स २६० म्हणजे २८० चीच काही भाग बंद केलेली चिप.) म्हणजे एका ताटातून एएमडीला तिपटीहून जास्त धड चिप मिळत होत्या. लहान चिपला वेगाने माहिती पुरवायला तेव्हा अगदी नवी असलेली जीडीडीआर५ मेमरी जोडली होती. अभियांत्रिकीतली ही निवड मला आजही फार देखणी वाटते.

मग आधीचे ६४९ डॉलर आले कुठून? त्याच्या मागच्या वर्षी एन्व्हिडियासमोर कोणी नव्हतंच. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८८०० जीटीएक्सला एटीआयने, जी तोवर एएमडीच्या ताब्यात गेली होती, दिलेलं उत्तर २००७ च्या मे महिन्यात आलं आणि तेही कमी पडलं. त्याच महिन्यात एन्व्हिडियाने ८८०० अल्ट्रा ८२९ डॉलरला आणलं. एकट्याने भाव लावायची सवय तिथे लागली होती.

अर्थशास्त्रात हे साधं आहे. वस्तूच्या किमतीला खाली एक तळ असतो, बनवायचा खर्च, आणि वर एक छप्पर, गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती मोजायला तयार आहे ते. या दोहोंमध्ये भाव कुठे थांबेल हे समोरचा दुकानदार ठरवतो. तो तगडा असला की भाव तळाकडे सरकतो, नसला की छपराला टेकतो.

पण भाव वाढवायचा एक मार्ग असा आहे की तो बिलावर दिसत नाही. किंमत तीच ठेवायची आणि आतली चिप लहान करायची.

एन्व्हिडिया आपल्या चिपना आकारानुसार सांकेतिक क्रमांक देते. २०११ च्या जानेवारीत जीटीएक्स ५६० टीआय आलं ते मधल्या आकाराच्या चिपवर, २४९ डॉलरला. पुढच्या पिढीत, २०१२ च्या मार्चमध्ये, त्याच मधल्या जागेसाठीची २९४ चौरस मिलिमीटरची चिप जीटीएक्स ६८० या सर्वोच्च नावाने ४९९ डॉलरला विकली गेली. कारण सरळ होतं. एएमडीचं एचडी ७९७० तेव्हा ५४९ डॉलरला होतं, आणि ही मधली चिप त्यालाही मागे टाकत होती. मोठी चिप काढायची गरजच उरली नाही. ती मोठी चिप आधी गेली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या ‘टायटन’ महासंगणकात, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्याच महासंगणकाचं नाव घेऊन ९९९ डॉलरचं कार्ड म्हणून दुकानात आली. ६८० घेणाऱ्याला वाटलं आपण सगळ्यात वरचं घेतलं. मला हे खटकतं. वेगाबद्दल कोणी खोटं बोललं नव्हतं, पण नावामुळे ग्राहकाचा अंदाज चुकला.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडीने आर९ २९०एक्स ५४९ डॉलरला आणलं. एन्व्हिडियाचं जीटीएक्स ७८० तेव्हा ६४९ ला होतं. आठवडा उलटायच्या आत ते ४९९ वर आलं.

नव्या कार्डांच्या वेळापत्रकाचंही असंच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी थ्रीडीएफएक्स, एटीआय, एस३, मॅट्रॉक्स, एन्व्हिडिया असे कितीतरी जण या बाजारात होते. जीफोर्स २५६ आलं १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि जीफोर्स २ त्यानंतर सहा महिन्यांत. २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्स संपली आणि तिची मालमत्ता एन्व्हिडियाने घेतली. आता दोन पिढ्यांमध्ये दोन वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. सगळा दोष स्पर्धेच्या अभावाला देणं अन्यायाचं होईल. चिप लहान करत नेण्याचा वेग मंदावला आहे, आणि नवी चिप आखायचा खर्च तेव्हापेक्षा कितीतरी पट झाला आहे.

तरी २०१६ ते २०१९ हा काळ बारकाईने बघा. जीटीएक्स १०८० आलं २०१६ च्या मे महिन्यात. एएमडीकडे वरच्या गटात उत्तर नव्हतं. व्हेगा ६४ यायला २०१७ चा ऑगस्ट उजाडला, आणि तेही १०८० च्याच आसपास थांबलं. एन्व्हिडियाची पुढची पिढी आली २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे अठ्ठावीस महिन्यांनी. त्यातल्या आरटीएक्स २०८० ची जाहीर किंमत ६९९ डॉलरपासून पुढे होती आणि वेग साधारण दीड वर्ष जुन्या १०८० टीआय एवढा. ते जुनं कार्डही ६९९ चंच होतं. मेमरी तर जुन्यात ११ जीबी आणि नव्यात ८. रे ट्रेसिंग हे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या-प्रतिबिंबं दाखवणारं नवं तंत्र नव्यात होतं हे खरं, आणि ते मोलाचंही ठरलं. पण त्या दिवशी त्याचा फायदा देणारे गेम जवळपास नव्हतेच.

मग २०१९ चा जुलै. एएमडी ७ तारखेला आरएक्स ५७०० एक्सटी विकायला काढणार होती, जाहीर किंमत ४४९ डॉलर. त्याआधी २ तारखेला एन्व्हिडियाने ‘सुपर’ नावाची मालिका जाहीर केली. २०७० सुपर ४९९ डॉलरला, आणि त्यात लावली होती आधी २०८० मध्ये असलेली मोठी चिप. ६८० च्या वेळी लहान चिपला मोठं नाव मिळालं होतं. इथे जुन्या नावाखाली मोठी चिप आली. एएमडीनेही विक्रीच्या तोंडावर ४४९ चे ३९९ केले. ग्राहकाने बोटही उचललं नव्हतं आणि एका आठवड्यात दोन्ही दुकानांत माल सुधारला. दहा महिन्यांपूर्वी जे परवडत नव्हतं ते आता परवडू लागलं होतं.

इथे एक अभ्यास सांगायला हवा, कारण तो माझ्या म्हणण्याला थोडा आडवा जातो आणि म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. रोनाल्ड गोएटलर आणि ब्रेट गॉर्डन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९३ ते २००४ मधल्या संगणक प्रोसेसरच्या बाजाराचं गणिती प्रतिमान तयार केलं आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या बाजारात मोठी कंपनी इंटेल आणि तिची स्पर्धक हीच एएमडी. प्रश्न असा: एएमडी नसतीच तर इंटेलने प्रगती कमी केली असती का? उत्तर निघालं, उलट ४.२ टक्क्यांनी जास्त केली असती. पण भाव इतके चढले असते की ग्राहकांचं वर्षाला १२ अब्ज डॉलरचं नुकसान झालं असतं.

हे विचित्र वाटतं, पण त्यामागचं कारण आपल्या घरातच असतं. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड दुधासारखं रोज लागत नाही. एकदा घेतलं की पाच-सात वर्षं चालतं. त्यामुळे मक्तेदार कंपनीचीही एका प्रतिस्पर्ध्याशी गाठ असतेच: तिनेच आधी विकलेला, तुमच्या टेबलाखाली चालू असलेला माल. तो टाकून नवा घ्यावासा वाटायचा तर नव्यात काहीतरी दणदणीत हवं. म्हणजे स्पर्धा कमकुवत झाली की प्रगती थांबतेच असं नाही. ती खालपर्यंत झिरपत नाही, आणि तिचा बहुतेक लाभ कंपनीच्या गाठीला राहतो.

अलीकडच्या पिढ्यांत मला नेमकं हेच दिसतं. २०२२ चं आरटीएक्स ४०९० ही खरोखरच मोठी झेप होती, किंमत १,५९९ डॉलर. त्याच पिढीतलं ४०६० टीआय बघा. २०२० चं ३०६० टीआय ३९९ डॉलरचं होतं, २०२३ चं ४०६० टीआयही ३९९ चंच. जुन्याची चिप ३९२ चौरस मिलिमीटरची, नव्याची १९० च्या आसपास. मेमरीकडे जाणारा रस्ता २५६ बिटचा होता, तो १२८ बिटचा झाला. अडीच वर्षांनी वेगात पडलेला फरक डोळ्यांत भरावा एवढाही नव्हता. नव्या वेफरचा दर जुन्यापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे निम्मी चिप म्हणजे निम्मा खर्च असं धरता येत नाही, हे मान्य. पण मेमरीला ती सबब पुरत नाही. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० आठ जीबी मेमरीसह अडीचशे डॉलरच्या आत मिळत होतं. २०२५ मध्ये एन्व्हिडियाचं ५०६० आलं ते २९९ डॉलरला, आठच जीबी घेऊन.

आणि धाकटा दुकानदार? जॉन पेडी रिसर्च या बाजार-अभ्यास संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत सुट्या ग्राफिक्स कार्डांपैकी ९४ टक्के एन्व्हिडियाची होती आणि जेमतेम ६ टक्के एएमडीची. एवढी तफावत पडली की धाकट्याचीही वृत्ती बदलते. मोठ्याने भाव लावायचा आणि याने त्याच्या सावलीत, थोडा कमी भाव लावून, पथारी पसरायची. भाव खूप पाडला तर मोठा लगेच तेवढाच पाडतो. गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहतं आणि नफा मात्र दोघांचा जातो. वरच्या गटातून तर एएमडीने २०२५ च्या पिढीत माघारच घेतली, आणि तिचं सगळ्यात वरचं कार्ड ५९९ डॉलरचं ठेवलं. त्याच वर्षी आलेल्या आरटीएक्स ५०९० ची जाहीर किंमत होती १,९९९ डॉलर. त्या उंचीवर दुसरं कोणी नव्हतं.

एन्व्हिडियाला गेमर्ससाठी घाई करायचं कारणही उरलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिचं उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर होतं. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरमधून आले, गेमिंगमधून ११ अब्जांच्या आसपास. चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडून वेफर मोजून मिळतात, आणि तेच सिलिकॉन एआयच्या यंत्रात लावलं तर कितीतरी पट पैसा देतं. अशा वेळी अडीचशे डॉलरच्या कार्डाकडे लक्ष वळवायला बाहेरून धक्काच लागतो.

आपल्याकडे हे सगळं दुप्पट जाणवतं. २००८ च्या जूनमध्ये डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. वर १८ टक्के जीएसटी. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, संगणकाच्या बाजारात, काउंटरवर उभा असलेला अ‍ॅनिमेशनचा विद्यार्थी अमेरिकेतल्या स्पर्धेच्या अभावाची किंमत रुपयाच्या घसरणीसकट मोजतो. त्याला ‘थांब, पुढचं येईल’ असा सल्ला मी पूर्वी देत असे. आता देत नाही. थांबून काही मिळेल ही खात्री स्पर्धा असली तरच देता येते. आता मी त्याला नावाऐवजी मेमरी किती आणि तिचा रस्ता किती बिटचा एवढं विचारायला सांगतो.

अलीकडे धक्का द्यायचा प्रयत्न केला तो इंटेलने. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आर्क बी५८० आलं, १२ जीबी मेमरीसह २४९ डॉलरला. त्याची चिप २७२ चौरस मिलिमीटरची, तर ज्याच्याशी सामना होता त्या २९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०६० ची १५९ ची. म्हणजे इंटेल जास्त सिलिकॉन कमी भावात देत होती. नव्याने पाय रोवायचे तर हा भुर्दंड सोसावाच लागतो, आणि तो सोसणारा कोणीतरी हवा असतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एन्व्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवणार असल्याचं जाहीर केलं. त्याच घोषणेत हेही होतं की इंटेल यापुढे संगणकासाठी अशा चिप बनवेल, ज्यांच्यात ग्राफिक्सचा भाग एन्व्हिडियाचा असेल.