रुइनसारा तालचा ट्रेक : पैसे भरण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रोज चालायचं किती? प्रश्न रास्त आहे. पण हिमालयातल्या उंचावरच्या तळ्यांकडे जाताना त्याआधी विचारायला हवं, की रोज रात्री झोपायचं किती उंचीवर? आमचा सगळा कार्यक्रम या प्रश्नावर बेतलेला आहे. त्यामुळे तो लांबतो आणि थोडा महागही पडतो. तसं का, हे खाली वाचा. पटलं तर जरूर या.

तळं कुठे आहे

रुइनसारा ताल उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद राष्ट्रीय उद्यानात आहे. उंची सुमारे ३,५०० मीटर. हा भाग १९५५ साली अभयारण्य झाला, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नंतर मिळाला. नैटवाडला रुपिन आणि सुपिन या दोन नद्या एकत्र येतात, तिथून पुढे तिला टोन्स म्हणतात आणि ती यमुनेला जाऊन मिळते. आपली वाट सुपिनच्या काठाकाठाने वर चढते. खाली देवदार आणि कैल, वर गेल्यावर भोजपत्राची झाडं, आणि त्यानंतर झाडं संपतात.

तळ्याबद्दल आधीच सांगून ठेवतो : ते लहान आहे. मोबाइलवर दिसतं तसं गडद निळं पाणी प्रत्येकाला दिसेलच असं नाही. उन्हावर, ढगांवर आणि पाण्याच्या पातळीवर ते अवलंबून असतं. तिथे जायचं ते त्या खोऱ्यासाठी. स्वर्गारोहिणी (६,२५२ मीटर), बंदरपूंछ (६,३१६ मीटर) आणि काळानाग (६,३८७ मीटर) ही शिखरं या खोऱ्याच्या डोक्यावर उभी आहेत. पांडव याच वाटेने स्वर्गाकडे निघाले अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे आणि तळंही ते पवित्र मानतात. त्यात उतरायचं नाही, पाय धुवायचे नाहीत. 'एकच डुबकी' म्हणणारा एक तरी मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये निघतो, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवलं.

उंचीचं गणित

आपण समुद्रसपाटीची माणसं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. ट्रेकचा पायथा असलेलं सांकरी गाव सुमारे १,९५० मीटरवर. म्हणजे चालायला सुरुवात करण्याआधीच आपण कळसूबाईच्या वर असतो.

३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के राहतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब कमी झाल्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. शरीर याला जुळवून घेतं, मात्र त्याला रात्री लागतात. डॉक्टर सांगतात तो ढोबळ नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर फायदाच होतो.

आता आपल्या रात्री बघा. सांकरी १,९५०. ओसला सुमारे २,५५०, तिथे दोन रात्री. त्यानंतर ३,०००च्या आसपास एक मुक्काम. मग ताल, ३,५००, तिथेही दोन रात्री. ओसल्याची दुसरी रात्र बऱ्याच जणांना फुकट वाटते. 'एक दिवस वाचवा की, ऑफिसात सुट्टी नाही,' असं आम्हाला दर सीझनला ऐकावं लागतं. ती रात्र आम्ही कार्यक्रमातून वगळणार नाही. सुट्टी कमी असेल तर या वर्षी दुसरा ट्रेक करा, आम्हीच सुचवू.

काश्मीरमधल्या सात तळ्यांच्या ट्रेकचीही खूप विचारणा होते. तो देखणा आहे यात वाद नाही. पण सोनमर्ग सोडल्यावर दोन-तीन दिवसांत निचनाई खिंडीतून ४,००० मीटर ओलांडावे लागतात आणि विशनसरचा मुक्काम ३,७०० मीटरच्या आसपास पडतो. सिक्कीमच्या कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानातलं समिती सरोवर तर ४,२०० मीटरच्या घरात आहे. हिमालयात पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही रुइनसाराच सांगतो, कारण इथे चढ हळूहळू येतो आणि त्रास झालाच तर खाली उतरायची वाट सरळ आहे.

त्रास कसा ओळखायचा? डोकं दुखणं आणि त्यासोबत मळमळ, जेवण नकोसं होणं, अंगात त्राण नसणं, झोप न लागणं. यातली लक्षणं दिसली की वर जायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. थांबून बरं वाटलं नाही तर खाली. बसल्या जागी धाप लागते आहे, खोकला थांबत नाही, किंवा सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता येत नाही, असं झालं तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरवतात. यात लीडरचा शब्द शेवटचा. 'मला काही होत नाही' हे वाक्य त्या वेळी चालत नाही, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यात फिट माणूसच म्हणतो.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल विचारतात. ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरू नका. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल. वर असेपर्यंत दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.

तयारी ठाण्यातच

उंचीची सवय ठाण्यात होत नाही, पायांची होते. दोन महिने आधी सुरुवात करा. आसनगावचा माहुली हा आमच्या मते ठाणेकरांसाठी सगळ्यात चांगला सराव. येऊरला सकाळी चालायला जाता येतं, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, परवानगी असलेल्या वाटा आणि वेळा पाळा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना तर जिना घरातच आहे. लिफ्ट सोडा आणि आठवड्यातून तीन दिवस चढ-उतार करा.

सराव सॅक घेऊनच करायचा. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, सात-आठ लिटर. वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला आणि रिकाम्या सॅकने उतरा. गुडघे वाचतात. बूटही याच काळात वापरून घ्या. नवे कोरे बूट सांकरीत पहिल्यांदा पायात घातले की ओसल्याला टाचेवर फोड हमखास. टाच गरम वाटायला लागली की त्याच क्षणी थांबून कागदी टेप लावायची. 'पुढच्या ब्रेकला बघू' म्हटलं की फोड आलाच म्हणून समजा.

सॅक

या ट्रेकवर तुमचं सामान तुमच्या पाठीवर. तंबू, स्वयंपाकाचं सामान आणि शिधा खेचरांवर आणि पोर्टरांकडे असतो. कपडे, स्लीपिंग बॅग, मॅट, पाणी आणि खाऊ मिळून नऊ-दहा किलो तुम्ही उचलायचे. पन्नास ते साठ लिटरची सॅक पुरते. स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू मधोमध पाठीला चिकटून, पोंचो (सॅकसकट अंग झाकणारा रेनकोट) आणि खाऊ वर हाताशी. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचे. वजन कमरेवर आलं पाहिजे. खांदे दुखायला लागले तर समजा की पट्टा सैल आहे.

जीन्स आणू नका. भिजली की वाळत नाही आणि वजन वाढतं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे ठाण्याच्या हिशोबाने तालवर वीस-बावीस अंश कमी धरा, रात्री त्याहूनही कमी. आत घाम शोषणारा टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायचा. तो दिवसभर कोरडा, पॉलिथिनच्या पिशवीत. पहाटे तंबूच्या आतल्या कापडावर श्वासाची वाफ गोठून बारीक कण जमलेले असतात, चेन उघडली की ते मानेवर पडतात. तेव्हा कोरड्या मोज्यांची किंमत कळते.

विमानाने जाणाऱ्यांसाठी : गॅसचं कॅनिस्टर केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनलाही नाही. पॉवर बँक केबिनमध्येच, ट्रेकिंग पोल चेक-इनमध्ये.

जेवण आमचं. ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. म्हणून कुकर वरपर्यंत जातो. संध्याकाळी मेतकूट-भात आणि तूप असतं, कारण उंचीवर भूक मरते तेव्हाही ते पोटात जातं. तिखट चटणी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू स्वतःचे आणा. पिण्याचं पाणी वाहत्या झऱ्याचं आणि उकळलेलं. तळ्यातून थेट बाटली भरायची नाही.

जंगलाचे नियम

परवाना आम्ही काढतो. ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवा. लाकडं जाळून शेकोटी करत नाही, गाणी अंधारातही म्हणता येतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्री तंबू लावायला बंदी घातली आहे. 'त्या हिरवळीवर तंबू का नाही' याचं उत्तर हेच.

शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, वर माती. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत. त्यासाठी प्रत्येकीला जाड काळी पिशवी देतो, ती सांकरीपर्यंत परत न्यायची. पाळी उंचीवर अचानक लवकर येऊ शकते, तयारीने या. लीडरला सांगायला संकोच नको.

ओसला हे राहतं गाव आहे. लाकडी घरं, दगडी पाट्यांची छपरं आणि मधोमध मंदिर. बाहेरचे लोक ते दुर्योधनाचं मंदिर म्हणून ओळखतात, गावकरी सोमेश्वराचं म्हणतात. गावात दोन्हीवरून वाद घालू नका. बायका शेतात काम करत असताना न विचारता फोटो काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका, वेष्टनं ओढ्यात जातात.

कधी जायचं

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मे-जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे सापडतात, सप्टेंबरनंतर आकाश स्वच्छ आणि रात्री शून्याच्या खाली. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, त्या काळात आम्ही कोणालाच नेत नाही. दिवाळीच्या सुट्टीत नेऊ शकतो, पण थंडी कडाक्याची असते. लहान मुलांना घेऊन त्या तारखा धरू नका.

जाणं-येणं

डेहराडूनपर्यंत तुमचं तुम्ही यायचं. डेहराडून ते सांकरी साधारण १९० किलोमीटर आणि घाटरस्ता, त्यामुळे आठ ते दहा तास. गाडी पहाटे निघते, आदल्या रात्री डेहराडूनला मुक्काम करा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, मसुरीनंतर घेऊन उपयोग नाही. रोख पैसे पुरोल्यापर्यंत काढून ठेवा. सांकरीच्या पुढे मोबाइलची रेंज धरू नका, घरी तसं सांगून निघा. सांकरीहून पुढे जीप कुठपर्यंत जाते हे रस्त्याच्या त्या आठवड्यातल्या स्थितीवर ठरतं. कधी एक-दोन तास जास्त चालावं लागतं.

परतीचं विमान किंवा रेल्वे आपण डेहराडूनला पोचतो त्या दिवशीचं काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा. दरड पडली की घाटात अख्खा दिवस जातो आणि त्या तिकिटाची भरपाई आम्ही देत नाही.

पैसे आणि रद्द करणं

एका ग्रुपमध्ये बारा मेंबर, त्यापेक्षा जास्त घेत नाही. फीमध्ये डेहराडूनपासूनचा प्रवास, मुक्काम, जेवण, परवाना, लीडर आणि स्थानिक वाटाडे येतात. पोर्टरकडे वैयक्तिक सॅक द्यायची असेल तर त्याचे वेगळे, आणि ते आधी सांगावं लागतं. तब्येतीमुळे लीडरने खाली पाठवलं तर सोबतीला माणूस मिळतो, सांकरीतल्या मुक्कामाचा खर्चही आमचा. उरलेल्या दिवसांचे पैसे मात्र परत होत नाहीत. हे कडू वाटेल, पण खेचरांचे, पोर्टरांचे आणि शिध्याचे पैसे आधीच गेलेले असतात. वनविभागाने वाट बंद केली तर पुढच्या तारखेला सामावून घेतो किंवा खर्च वजा करून पैसे परत करतो. ट्रेकिंग आणि उंची दोन्ही धरणारा विमा काढा. साध्या प्रवास विम्यात हे बहुधा नसतं, पॉलिसी नीट वाचा.

निघण्याआधीच्या महिन्यात एका रविवारी ऑफिसात मीटिंग असते. बूट घालून आणि भरलेली सॅक घेऊन या. सॅक आम्ही वजन करून उघडतो, आणि निम्मं सामान त्याच दिवशी तुमच्यासोबत घरी परत जातं.