याम (मंगोल डाकव्यवस्था)

तेराव्या-चौदाव्या शतकांतील मंगोल साम्राज्याची घोड्यांची डाकव्यवस्था. मूळ मंगोल शब्द ‘जाम’. प्रहर या अर्थाच्या संस्कृत ‘याम’शी त्याचा संबंध नाही. ठरावीक अंतरावरच्या ठाण्यांवर ताजे घोडे, दाणावैरण, अन्न आणि निवारा तयार असे. दूत थकलेला घोडा तिथे सोडून दुसऱ्यावर स्वार होई.

या व्यवस्थेला नियमित रूप दिले ते ओगदेई खानाने (कारकीर्द 1229–41). आपल्या चार मोठ्या कामांत त्याने यामची गणना केली, असे मंगोलांच्या ‘गुप्त इतिहास’ या ग्रंथात आहे. उत्तर चीन ते मंगोल राजधानी काराकोरम या वाटेवर दर पाच फर्सखांवर (सुमारे 30 किमी.) एक अशी 37 ठाणी होती आणि राजधानीकडे रोज खाण्यापिण्याच्या मालाच्या 500 गाड्या येत, असे इराणी इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो. उजाड गवताळ प्रदेशात वसवलेले ते शहर याच गाड्यांवर जगत होते.

ठाण्यावर हक्क सांगायचा तर ‘पैझा’ दाखवावा लागे. ही सोन्याची, चांदीची किंवा लाकडाची पट्टी. चिरंतन आकाशाच्या सामर्थ्याची ग्वाही आणि न मानणाऱ्याला मृत्युदंड, असा मजकूर तिच्यावर कोरलेला असे.

या प्रवासाचा खरा अनुभव पोपचा दूत कार्पिनी याने लिहून ठेवला आहे. एप्रिल 1246 मध्ये तो व्होल्गाकाठच्या बातू खानाच्या छावणीतून निघाला आणि जुलैत काराकोरमजवळ ओगदेईचा मुलगा गुयुक याच्या दरबारी पोचला. साठी उलटलेल्या या संन्याशाने घोडदौड सोसावी म्हणून हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधले होते. उपवासाच्या दिवसांत पोटाला मीठपाण्यात शिजवलेले राळ्यासारखे धान्य, प्यायला वितळवलेला बर्फ. घोडे मात्र दिवसातून पाच ते सात वेळा बदलले जात.

या वेगाचे कौतुक करताना तो कोणाच्या जिवावर होता हे विसरता येत नाही. घोडे, चारा, माणसे पुरवण्याचा भार ठाण्यांना जोडलेल्या कुटुंबांवर होता. व्यापारीही फुकट घोडे उपटू लागले, तेव्हा मोंगके खानाने (कारकीर्द 1251–59) त्यांना बंदी केली. इराणात तर दूत वाटसरूंचे घोडे हिसकावत. तेथील मंगोल शासक गाझान खानाने (कारकीर्द 1295–1304) मुख्य रस्त्यांवर दर तीन फर्सखांवर 15 घोड्यांची स्वतंत्र ठाणी उभारली.

रशियात डाकगाडी हाकणाऱ्यासाठीचा ‘यामश्चिक’ हा शब्द यामवरूनच आला. भारतात मुहम्मद तुघलकाच्या घोडेडाकेला ‘उलाक’ म्हणत, असे इब्न बतूता लिहितो. डाकेच्या घोड्यासाठी मध्य आशियात रूढ असलेलाच हा शब्द. सिंधहून दिल्लीची 50 दिवसांची वाट, पण डाकेने बातमी पाच दिवसांत पोचे. पायी डाकेचे नाव ‘दावा’, ज्यात मराठी वाचकाला ‘धाव’ सहज ऐकू येईल. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणी तिथवर वाहून नेले ते या धावणाऱ्यांनी.