सेंट कॅथरीन मठाची राखणदारी

सेंट कॅथरीन मठाची राखणदारी : इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठाचे आणि त्यातील चित्रे, हस्तलिखिते व पूजावस्तूंचे रक्षण करण्याची जुनी व्यवस्था. मठ इ. स. सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियन याने बांधविला. आज त्यात 2,000 हून अधिक प्रतिमाचित्रे आणि सुमारे 3,300 हस्तलिखिते आहेत.

पहिला पहारेकरी म्हणजे तट. ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा हा तट 2 ते 3 मी. जाड आहे. गडकोट पाहिलेल्या माणसाला त्याचा हेतू सांगावा लागत नाही. दरवाजावर शत्रूच्या डोक्यात उकळते तेल ओतण्याची सोयही आहे. पुढे मुख्य दरवाजा चिणून टाकण्यात आला आणि कित्येक शतके माणसे, धान्य, सामान सारे काही उत्तरेकडच्या तटावरून, सुमारे 9 मी. उंचीवर, रहाटाच्या दोराने वर ओढून घेतले जाई. पाहुण्याने आधी ओळखीचे पत्र वर पाठवायचे, ते पटले तरच त्याच्यासाठी दोर खाली येई. रहाटाची लाकडी खोपटी तटावर अजून दिसते.

बाहेरची राखण बेदूइनांकडे, म्हणजे वाळवंटातील अरब टोळ्यांकडे, होती. दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) युटिकियस लिहितो की, जस्टिनियनने काळ्या समुद्राकडून आणि इजिप्तमधून प्रत्येकी 100 कुटुंबे मठाच्या चाकरीला आणून वसविली. त्यांचे वंशज ते जेबेलिया, म्हणजे डोंगरवाले. कालांतराने ते मुसलमान झाले, पण मठाची चाकरी सुटली नाही. यांखेरीज आसपासच्या काही टोळ्यांना ‘गफीर’, म्हणजे राखणदार, असा मान होता. यात्रेकरू आणि उंटांचे तांडे सुखरूप पोहोचविणे हे त्यांचे काम. मोबदल्यात भाकरी आणि ठरलेले मानपान मिळे. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण व्हावी अशीच ही रीत. फरक इतकाच की, बलुते थकले तर राखणदारच लुटारू होत. भिक्षूंनी भाकऱ्या तटावरून खाली सोडण्यामागे दानधर्म होता तसा हिशेबही होता. मठाचा आर्चबिशप बराच काळ कैरोत राहिला, त्याला हेही एक कारण : त्याच्या आगमनासाठी दरवाजा उघडला की टोळ्यांना द्याव्या लागणाऱ्या भेटींचा खर्च परवडत नसे.

तिसरे संरक्षण कागदाचे. प्रेषित मुहंमदांनी मठाला अभयपत्र दिले, अशी परंपरा आहे. मूळ पत्र ऑटोमन सुलतान पहिला सलीम याने 1517 च्या सुमारास इस्तंबूलला नेले व नक्कल मठाकडे राहिली, असे सांगतात. तटाच्या आत फातिमी काळातील मशीदही आहे. नेपोलियननेही मठाला संरक्षणाचे पत्र दिले आणि 1801 मध्ये फ्रेंचांनी उत्तरेकडची ढासळलेली भिंत बांधून काढली.

अस्थिगृहाच्या दाराशी सहाव्या शतकातील स्टेफनॉस या भिक्षूचा सांगाडा धर्मवस्त्रे घालून बसविलेला आहे. हयातीत तो पवित्र सिनाई पर्वताच्या पायऱ्यांवरील कमानीशी यात्रेकरूंची चौकशी करी. इतका दीर्घ पहारा दुसऱ्या कोणी दिला नसावा.

मात्र मठाची सर्वांत मोठी हानी तट चढून आलेल्यांनी केली नाही. जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ याने चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची, म्हणजे ‘कोडेक्स सिनाईटिकस’ची, 43 पाने 1844 मध्ये नेली. ती जाळण्यासाठी ठेवलेल्या टोपलीत सापडल्याचे तो सांगे. मठाला ते कधीच मान्य झाले नाही. 1859 मध्ये, मागताच परत करण्याची लेखी हमी देऊन, त्याने उरलेला मोठा भाग नेला. तो रशियाच्या झारकडे गेला. 1869 मध्ये दानपत्र झाले आणि मठाला 9,000 रूबल मिळाले. सोव्हिएत सरकारने 1933 मध्ये तो ब्रिटिश म्युझियमला 1,00,000 पौंडांना विकला.

1975 मध्ये उत्तर तटालगतच्या एका बंद खोलीत, ढिगाऱ्याखाली, विस्मृतीत गेलेली हस्तलिखिते सापडली. त्यांत याच ग्रंथाची 12 पाने होती.