बोनाफाईडपासून अपार क्रमांकापर्यंत: खान्देशातल्या शैक्षणिक कर्जामागची माहितीची वाट

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुधा मुलाचं नाव पहिलं येतं. बँकेच्या संगणकात पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीन सुटे रकाने. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. नंदुरबारकडचे वळवी, वसावे कुठे ‘व्ही’ने सुरू होतात, कुठे ‘डब्ल्यू’ने. भामरेंच्या मधला ‘ए’ एका कागदावर असतो, दुसऱ्यावर गळतो. चौधरी तर तीन-चार तऱ्हांनी लिहितात. गावाला जो मुलगा एकच, तो संगणकाला दोन वाटतो. व्याजदर आणि जामीनदाराची गोष्ट निघायच्या आधीच कर्जाचा अर्ज इथे अडकतो.

हे कुणा एका क्लार्कच्या हलगर्जीपणाने झालेलं नाही. मंडळ, विद्यापीठ, महसूल खातं, बँक, सगळ्यांनी आपापल्या गरजेपुरती नोंदवही आखली. त्या वह्या एकमेकींशी जुळाव्यात असं कुणाला वाटण्याचं त्या काळी कारणच नव्हतं.

जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं 15 ऑगस्ट 1990 ला. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे 2014 मध्ये पुणे विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले आल्या आणि 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. म्हणजे एकाच कॉलेजातून निघालेल्या पदव्यांवर काळानुसार वेगवेगळी नावं दिसतात. नावावरून संस्था ओळखू पाहणारी कोणतीही प्रणाली इथे फसते. जिल्ह्यांचंही तसंच. नंदुरबार 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे आधीच्या दाखल्यांवर धुळेच आहे. 2001 च्या जनगणनेत नंदुरबार, धुळे, जळगाव यांचे क्रमांक 01, 02, 03 होते, 2011 ला तेच 497, 498, 499 झाले. जिल्ह्याचा क्रमांक कोणत्या वर्षाच्या यादीतला, हे सोबत लिहिलं नाही तर तो क्रमांक निरुपयोगी. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाने 2010-11 पासून संस्थांना संकेतांक दिले, विद्यापीठाला ‘यू’ने सुरू होणारा, कॉलेजला ‘सी’ने. नाव बदललं तरी ओळख टिकवायला असाच संकेतांक लागतो.

कर्जाची आदर्श योजना इंडियन बँक्स असोसिएशनने 2001 मध्ये आणली. चार लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा हिस्साही नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर ठरलेल्या मुदतीने. नियम एक झाले, फॉर्म मात्र प्रत्येक बँकेचा निराळाच राहिला. बोनाफाईड, फीचं पत्रक आणि प्रवेशपत्र घेऊन पालक शाखेत जात आणि ‘आमच्या नमुन्यात आणा’ म्हटलं की पुन्हा कॉलेजात. फी निघायची प्राचार्यांच्या नावाच्या डीडीने. 1 एप्रिल 2012 पासून डीडीची मुदत सहा महिन्यांवरून तीनवर आली आणि प्रवेशफेऱ्या लांबल्या की डीडी कालबाह्य व्हायची भीती वाढली.

खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवणारं एनईएफटी नोव्हेंबर 2005 पासून सुरू झालं होतं, पण डीडी मागे पडल्यावर नवीन अडचण उभी राहिली. डीडीला जोडलेल्या पत्रावर मुलाचं नाव असे. आता कॉलेजच्या खात्यात नुसती रक्कम दिसते. प्रत्येक व्यवहाराची खूण असलेला यूटीआर क्रमांक एनईएफटीचा 16 अक्षरी, मोठ्या रकमांच्या आरटीजीएसचा 22 अक्षरी; फी नोंदवण्याच्या प्रणालीत रकाना 16 चाच असेल तर पुढची सहा अक्षरं कापली जातात. बँकेच्या दृष्टीने फी भरलेली, कॉलेजच्या यादीत थकलेली, आणि हॉलतिकीट अडतं विद्यार्थ्याचं.

असा गुंता अमेरिकेत आधी झाला होता. तिथे सरकारी हमीवर कर्ज देणाऱ्या बँका असंख्य, हमी देणाऱ्या संस्थाही अनेक, आणि प्रत्येकीची फाईल वेगळी. 1990 च्या दशकात ‘कॉमनलाइन’ नावाचा सामायिक साचा रुळला. 1997 मध्ये विद्यापीठं, बँका आणि सॉफ्टवेअरवाले यांची पेस्क ही मानक-परिषद उभी राहिली, आणि 2002-03 पासून तिथल्या शिक्षण खात्याने मदतीच्या वाटपासाठी एक्सएमएलमधली (प्रत्येक माहितीला नावाची खूण लावणाऱ्या साच्यातली) सामायिक नोंद वापरात आणली. जुलै 2010 पासून हमीवरची नवी कर्जं बंद होऊन त्यांच्या जागी थेट सरकारकडून कर्जं निघू लागली. त्या इतिहासातून आपण उचलायची गोष्ट म्हणजे चर्चेचा क्रम: आधी प्रत्येक रकान्याचा अर्थ ठरवायचा, फाईलचा साचा नंतर.

आपल्याकडे क्रम उलटा लागला, पोर्टल आधी आलं. त्याआधी 2009-10 पासून व्याज अनुदान योजनेने थोडी शिस्त लावली होती. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांच्या व्याजाचे दावे सगळ्या बँकांनी कॅनरा बँकेकडे पाठवायचे, म्हणून निदान बँकांची माहिती एका ठिकाणी एका नमुन्यात येऊ लागली. 15 ऑगस्ट 2015 ला विद्यालक्ष्मी पोर्टल आलं: एकच अर्ज, तीन बँकांपर्यंत पाठवता येणारा. अक्कलकुवा किंवा धडगावच्या मुलाच्या फेऱ्या त्याने खरोखर वाचवल्या. पण गुणपत्रिका आणि फीचं पत्रक पीडीएफ म्हणून चढवायचं, आणि पीडीएफ हा संगणकाच्या लेखी निव्वळ फोटो. शाखेतला अधिकारी तो पाहून आकडे पुन्हा टाईप करतो. याला माहितीची देवाणघेवाण म्हणता येणार नाही.

खरा बदल गुणपत्रिकेच्या बाजूने आला. 2017 ला गुणपत्रिका आणि पदव्या डिजिटल रूपात ठेवणारं राष्ट्रीय शैक्षणिक भांडार सुरू झालं, 2020 मध्ये ते डिजिलॉकरकडे आलं, 2021 मध्ये विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) साठवणाऱ्या श्रेयांक बँकेचे नियम निघाले. अपार हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळखीचा 12 अंकी क्रमांक याच ओळीत बसतो. विद्यापीठाने ठरलेल्या रकान्यांची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) तिथे चढवायची. आणि घोटाळा होतो तो नेमका ही फाईल एक्सेलमध्ये उघडल्यावर. 12 अंकी क्रमांक 1.23457ई+11 असा दिसू लागतो, आणि तशीच जतन केली की मूळ अंक कायमचे जातात. 15 हून जास्त अंकांच्या नोंदणी क्रमांकातले शेवटचे अंक शून्य होतात. 05/06/2004 ही 5 जूनची जन्मतारीख 6 मे होऊन बसते. उपाय साधा आहे: फाईल दुहेरी टिचकीने उघडायची नाही, एक्सेलमध्ये आयात करताना क्रमांक आणि तारखेचे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवायचे, चढवण्याआधी दहा नोंदी मूळ रजिस्टरशी ताडून पाहायच्या. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टात टाईप केलेली नावं युनिकोडमध्ये आपोआप उतरत नाहीत, ती बदलून घेऊन डोळ्यांखालून घालावी लागतात.

बँकांच्या विलीनीकरणाचा फटकाही लक्षात ठेवावा. देना बँक 2019 मध्ये बडोदा बँकेत गेली, 2020 मध्ये आणखी काही बँका एकत्र आल्या आणि शाखांचे आयएफएससी, म्हणजे पैसे पाठवताना शाखा ओळखणारे संकेतांक, बदलले. 11 अक्षरांच्या या संकेतांकातलं पाचवं अक्षर शून्य असतं. तिथे ‘ओ’ टाईप झाला की पैसे परततात.

उत्पन्नाचा पुरावा मात्र अजून कागदावरच अडला आहे. खाते-एकत्रीकरणाची व्यवस्था 2 सप्टेंबर 2021 पासून चालू आहे. खातेदाराच्या संमतीने बँकेचा उतारा यंत्राला वाचता येईल अशा रूपात जातो. नोकरदारासाठी ती सोय चांगली. कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, रोखीने विकणाऱ्या शेतकऱ्याचं उत्पन्न त्या उताऱ्यात उमटतच नाही, म्हणून त्याला तहसीलदारांच्या दाखल्याला पर्याय नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला 75 टक्के पतहमी, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला सरकारची हमी. योजना निवडक संस्थांपुरती आहे (सुरुवातीला त्या 860 होत्या), म्हणून संस्थेची ओळख पटवणं आता थेट पैशाशी जोडलं गेलं आहे.

कॉलेजच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते फीचं पत्रक. शिक्षण शुल्क, परीक्षा, वसतिगृह, परत मिळणारी अनामत ही शीर्षकं सुटी लिहावीत, वर्षवार लिहावीत, आणि दरवर्षी त्याच नावांनी लिहावीत. आदर्श योजनेत अनामत, इमारत निधी अशा रकमा एकूण शिक्षण शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच धरतात. ‘इतर शुल्क’ म्हणून सगळं एका ओळीत टाकलं की त्यात अनामत किती हे शाखेला कळत नाही, आणि पालकांना ते विचारायला पुन्हा कॉलेजची पायरी चढावी लागते.