टॉय हॉलरच्या स्टिकरवरचा आकडा येतो कुठून?

फिनिक्सच्या बाहेर, हायवेला लागूनच एका डीलरचं भलंमोठं आवार आहे. माझ्या ऑफिसातला एक तरुण मला तिथे घेऊन गेला होता. "काका, तुम्ही नुसते सोबत या, बोलू नका," असं त्याने आधीच बजावलं होतं. ट्रेलरच्या खिडकीत लावलेल्या कागदावर १,१२,००० डॉलर छापलेले. त्यावर लाल रेघ, आणि खाली जाड अक्षरांत ८६,९९५. सेल्समन अजून दहा पावलं लांब होता. तोंडही न उघडता पंचवीस हजार सुटले म्हणून पोरगा खूश झाला. मला मात्र प्रश्न पडला, की मुळात ते १,१२,००० ठरवले कोणी?

त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, कारण आपल्याकडे याला नेमका शब्द नाही. टॉय हॉलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर, ज्याचा मागचा भाग गॅरेज असतो. मागची अख्खी भिंत बिजागरीवर खाली येते आणि तिचाच रॅम्प होतो. दिवसा त्या गॅरेजात वाळूत पळवायच्या गाड्या. रात्री गाड्या बाहेर काढल्या, की छताला टेकवलेला पलंग बटण दाबून खाली आणायचा आणि तिथेच झोपायचं. 'टॉय' म्हणजे या गाड्या. एकेक खेळणं आपल्याकडच्या चांगल्या मोटारीच्या किमतीचं असतं, ते सोडा.

हे घर जन्मलं ते वाळवंटासाठी. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन जाड टायरांची एक गाडी आणली. ती लोकप्रिय झाली आणि भरपूर उलटलीही. अपघात इतके झाले, की १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी समझोता करून नव्या तीनचाकी विकणं बंद केलं. तोवर सुझुकीची चारचाकी बाजारात आली होती आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली कुटुंबं सुट्टी लागली की ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघू लागली होती. मेक्सिकोच्या सीमेपर्यंत पसरलेला तो चाळीसेक मैलांचा वाळूचा पट्टा. तिथे ना सावली, ना पाणी, ना हॉटेल. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या सणाच्या) आठवड्यात आजही तिथे लाखाच्या घरात माणूस जमतो आणि चार दिवसांत सगळं गाव पुन्हा उठून जातं. पंढरीच्या वाळवंटात एकादशीला राहुट्या पडतात त्याची आठवण येते, फक्त टाळ-मृदंगाच्या जागी इंजिनांचा आवाज.

तिथे जायचं तर झोपायला एक वाहन आणि गाड्या न्यायला दुसरं, अशी दोन बिऱ्हाडं न्यावी लागत. मग कोणी सामान वाहायच्या बंद पेटीसारख्या ट्रेलरमध्येच पुढच्या बाजूला खाट आणि शेगडी टाकली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या पूर्वेला पेरिस नावाच्या गावात वीकेंड वॉरियर नावाची कंपनी असे ट्रेलर बनवू लागली आणि त्या धंद्यात तिचं नाव झालं. सुरुवातीच्या अशा ट्रेलरांत गॅरेज आणि राहायची जागा यांच्यात भिंतच नसे. पेट्रोलचा वास उशाशी घेऊन झोपायचं.

पुढे खेळणी वाढली. २००३ च्या सुमारास यामाहाची ऱ्हायनो आली, तिच्यात दोघं शेजारीशेजारी बसत. २००७ मध्ये पोलॅरिसची रेझर आली. जंगलातल्या अरुंद वाटांवर चालावी म्हणून तिची रुंदी ५० इंचच ठेवली होती. आज वाळूसाठीच्या गाड्या ७२ इंच रुंद असतात आणि चार माणसांची गाडी लांबीला बारा फुटांच्या पुढे जाते. आठ-दहा फुटांचं गॅरेज तिला पुरेना. ते तेरा-चौदा फुटांचं झालं, मध्ये भिंत आली, गाड्यांसाठी वेगळी पेट्रोलची टाकी आणि पंप आला, जनरेटर आला, खाली तिसरा आस आला. मोठ्या टॉय हॉलरचं भरल्या अंगाचं मान्य वजन आता अठरा-वीस हजार पौंडांवर जातं. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरचा फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात अडकवायचा ट्रेलर, ओढायला साधं लायसन्सही चालत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते. किमतीतल्या वाढीचा बराच मोठा वाटा या फुटांचा आणि पौंडांचा आहे. म्हणून लॉटवर, म्हणजे डीलरच्या आवारात, जायच्या आधी आपल्या गाडीला टेप लावावी. दोन माणसांची गाडी असणाऱ्याने चौदा फुटांचं गॅरेज घेतलं, तर कितीही घासाघीस केली तरी ते महागातच पडतं.

आता त्या छापील आकड्याकडे येऊ.

अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर जे किमतीचं स्टिकर असतं, ते कायद्याने आलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींना मागणी इतकी होती, की डीलर मनाला येईल ती किंमत सांगत. आधी फुगवायची, मग जुन्या गाडीला 'भरघोस' भाव दिल्याचं नाटक करायचं. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी यावर चौकशी केली आणि १९५८ मध्ये कायदा झाला. कंपनीनेच गाडीची सुचवलेली किंमत, प्रत्येक जादा वस्तूचा भाव आणि वाहतूक खर्च छापून काचेवर लावायचा, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तो काढायचा नाही. लोक त्याला अजून 'मनरोनी' म्हणतात.

हा कायदा मोटारींचा आहे. ट्रेलर त्यात येत नाही. टॉय हॉलरवर जो कागद दिसतो तो दिसायला मनरोनीसारखाच असतो, पण त्याच्या मागे तो कायदा नाही. सुचवलेली किंमत किती फुगवायची यावर बंधन नाही, आणि ती फुगवण्यात कंपनी आणि डीलर दोघांचंही भलं आहे. जितका आकडा मोठा तितकी लाल रेघ गोड. छापील किमतीवर पंचवीस ते तीस टक्के सूट मिळवायचीच, असा जो ठोकताळा या गिऱ्हाइकांत पिढ्यानपिढ्या चालत आलाय, तो इथूनच. मला त्यात फारसा पराक्रम दिसत नाही. सगळ्यांनाच तीस टक्के मिळत असतील, तर ती सूट कसली? तो तर भाव.

मग खरा भाव कळायचा कसा? त्यासाठी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला जावं लागतं.

अमेरिकेतले ऐंशी टक्क्यांहून जास्त असे ट्रेलर आणि मोटरहोम (स्वतःच्या इंजिनावर चालणारी घरं) इंडियानात, त्यातही मुख्यतः एल्कहार्टच्या आसपास तयार होतात. कारखान्यांत आमिश समाजाचे, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, बरेच कामगार आहेत. अनेक ठिकाणी मजुरी नगावर मिळते, त्यामुळे काम पहाटे सुरू होतं आणि हात वेगाने चालतात. (ताबा घेण्याआधी दोन तास घालून प्रत्येक नळ, दिवा आणि छताचा सांधा तपासा असं जाणती माणसं सांगतात, ते या वेगामुळे.) धंदा मुख्यतः तीन घराण्यांच्या हातात आहे. थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो. थॉरने २००१ मध्ये कीस्टोन, २०१० मध्ये हार्टलँड आणि २०१६ मध्ये जेको घेतली. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची. विनेबेगोने २०१६ मध्ये ग्रँड डिझाइन घेतली. त्यामुळे लॉटवर शेजारीशेजारी उभे असलेले रॅप्टर, सायक्लोन आणि साइस्मिक एकमेकांचे वैरी वाटले, तरी तिघांचंही गोत्र थॉर. पण म्हणून एका डीलरचा भाव दुसऱ्याला दाखवण्यात अर्थ नाही असं समजू नका. कारखाना एकाचा असला, तरी डीलर वेगवेगळे असतात आणि व्याज ज्याचं त्याला भरावं लागतं.

हे व्याज फार महत्त्वाचं. डीलरच्या आवारात उभे असलेले ट्रेलर बहुधा त्याने रोखीने घेतलेले नसतात. फायनान्स कंपनी कारखान्याला पैसे देते आणि डीलर दर महिन्याला त्यावर व्याज भरतो. याला 'फ्लोअर प्लॅन' म्हणतात. ठरावीक महिने माल खपला नाही, तर व्याजाबरोबर मुद्दलातलाही तुकडा मोडून द्यावा लागतो. म्हणजे ट्रेलर नुसता उभा राहूनही डीलरला खातो. आपल्या दुकानदारीत याला माल अंगावर पडणं म्हणतात.

हा माल सगळ्यांच्या अंगावर एकदम पडला तो २००८ मध्ये. २००६ साली कारखान्यांतून सगळ्या प्रकारचे ट्रेलर आणि मोटरहोम मिळून सुमारे ३,९०,००० वाहनं बाहेर पडली होती. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, पाठोपाठ कर्जं आटली, आणि २००९ मध्ये तो आकडा १,६५,००० च्या आसपास आला. टॉय हॉलरला दुहेरी मार बसला, कारण ओढायलाही इंधन आणि खेळायलाही इंधन. वीकेंड वॉरियर २००८ मध्ये बंद पडली. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची याच धंद्यातली बडी कंपनी फ्लीटवुड २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ९ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा आपल्या आर्थिक पॅकेजची बाजू मांडायला एल्कहार्टला गेले, तेव्हा तिथली बेकारी पंधरा टक्क्यांवर होती. टॉय हॉलरचं माहेर कॅलिफोर्निया, पण या पडझडीनंतर हा धंदा बहुतांश इंडियानाचा झाला. ॲरिझोनातल्या गिऱ्हाइकासाठी त्याचा अर्थ सोपा आहे. सुमारे १,८०० मैल ओढून आणल्याचं भाडं त्याच्यावरच पडतं, आणि कधी ते किमतीत धरलेलं असूनही काही डीलर ते 'फ्रेट' म्हणून खाली पुन्हा लिहितात.

मग कोविड आला आणि चित्र उलटं झालं. विमानं नकोत, हॉटेलं नकोत, पण घराबाहेर तर पडायचंय. टॉय हॉलरच्या गॅरेजात लोकांनी टेबल टाकून ऑफिसं थाटली. २०२१ मध्ये सहा लाखांहून थोडी जास्त वाहनं बाहेर पडली, आजवरचा उच्चांक. त्या काळात घासाघीस नावाची गोष्टच उरली नव्हती. छापील किंमत मोजून लोक नंबर लावत होते. २०२२ च्या मार्चपासून फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर चढवायला सुरुवात केली आणि वर्ष-दीड वर्षात शून्याजवळचा दर सव्वापाच टक्क्यांपुढे गेला. २०२३ मध्ये उत्पादन ३,१३,००० वर घसरलं, म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर. ज्यांनी तेजीत पंधरा-वीस वर्षांच्या कर्जावर छापील भावाने घेतले, त्यांच्यातल्या पुष्कळांना विकताना कळलं, की फेडायचं कर्ज ट्रेलरच्या किमतीहून मोठं आहे.

थोडक्यात, सिनेटर मनरोनींनी जे स्टिकर मोटारीला दिलं ते ट्रेलरला कधी मिळालंच नाही, आणि त्याची जागा डीलरच्या कर्जाच्या कॅलेंडरने घेतली. नव्या वर्षाची मॉडेलं आदल्या उन्हाळ्यापासूनच यायला लागतात. सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियात हर्शीचं मोठं प्रदर्शन, जानेवारीत फ्लोरिडात टँपाचं. नवा माल दारात आला, की जुना डोळ्यांत खुपायला लागतो.

तर फिनिक्सच्या त्या लॉटवर सेल्समन पोचायच्या आत मी पोराला ट्रेलरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी नेलं. तिथे जमिनीपासून दोन-तीन हातांवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. ती मात्र कायद्यानेच लावावी लागते. तिच्यावर वजनाची मर्यादा, टायरचा दाब आणि बनवल्याचा महिना-वर्ष. धूळ पुसली. ट्रेलर एकोणीस महिन्यांपूर्वीचा निघाला. टायरांच्या खाली वाळूची छोटी उशी साचली होती, म्हणजे बरेच दिवस तो हललाही नव्हता.

पोरगा हुशार. त्याने लाल रेघेचा विषयच काढला नाही. "एकोणीस महिने झालेत. टॅक्स, नोंदणी, तुमची कागदपत्रांची फी, तयारीची फी, सगळं धरून हातात पडेपर्यंतचा एकच आकडा लिहून द्या," इतकंच म्हणाला. सेल्समन दोनदा आत जाऊन मॅनेजरला भेटून आला. हे आत जाऊन येणं तुळशीबागेतल्या "परवडत नाही हो ताई"चंच भावंड. तिसऱ्या फेरीला कागदावर सगळं धरून ७९,४०० आले. मासिक हप्त्याचा कागद त्याने न मागताच पुढे सरकवला होता, तो पोराने उलटा करून ठेवला.

मग मी बोलू नकाचं वचन मोडलं आणि त्याच्या पिकअपचं दार उघडायला सांगितलं. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीवर लिहिलं होतं, माणसं आणि सामान मिळून २,८६० पौंडांहून जास्त नको. ट्रेलरच्या माहितीपत्रकात रिकाम्या ट्रेलरचा पिकअपवर पडणारा भार ३,१०० पौंड. टॉय हॉलरची ही एक गंमत आहे. खेळणी आसाच्या मागे असतात, त्यामुळे गाडी चढवली की पुढचा भार थोडा हलका होतो, आणि पिकअपचे सर्वांत जास्त हाल ट्रेलर रिकामा असताना होतात. पोराने दोन्ही आकडे तिथल्या तिथे फोनवर वजा करून पाहिले. बायको, दोन मुलं आणि कुत्रा अजून धरलेच नव्हते.

सेल्समनने पट्टीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि रस्त्यापलीकडच्या मोठ्या पिकअपच्या शोरूमकडे हात केला. "तेही आमचंच आहे," म्हणाला.