जुन्या मोटारीतील इंजिन ऑइलची गळती व दुरुस्ती

इंजिनातील वंगणतेल सांध्यांच्या पॅकिंगमधून किंवा फिरत्या दांड्यांभोवतीच्या सीलमधून बाहेर झिरपणे म्हणजे तेलगळती. तेल ‘खाणे’ हा वेगळा दोष आहे. त्यात तेल सिलिंडरमध्ये जळते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि जमिनीवर डाग पडत नाही. जुन्या गाडीत हे दोन्ही दोष एकत्र असू शकतात. म्हणून डिपस्टिकवरची (तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळी उतरली की आधी गाडीखाली पाहावे, मग सायलेन्सरकडे. या नोंदीत मुख्य उदाहरण मारुती ८०० चे घेतले आहे (उत्पादन १९८३ ते २०१४, तीन सिलिंडर, ७९६ घ.सेंमी.). छोट्या पेट्रोल इंजिनांत तेल जिथून जिथून गळू शकते, त्या बहुतेक जागा या गाडीत सापडतात.

गळतीचे मूळ बहुधा रबराच्या वयात असते. नायट्राइल रबर वर्षानुवर्षे उष्णता खाऊन कडक होते. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील, म्हणजे हेडवरील झाकणाचे) जुने पॅकिंग काढताना ते पापडासारखे कडकन मोडते आणि त्याचे तुकडे खाचेतच अडकून राहतात. कॉर्कचे पॅकिंग सुकून आकसते. ऑइल सीलचा ओठ झिजतो आणि तो जिथे घासतो तिथे दांड्यावरही बारीक चर पडते.

दुरुस्तीचा अर्धा भाग म्हणजे गळतीची खरी जागा शोधणे, आणि घाई नेमकी इथेच होते. तेल वरून ओघळते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकले जाते. त्यामुळे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर दोष असेलच असे नाही. जिथे तेल ओले दिसते त्यातली सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची जागा पकडावी. त्यासाठी इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग), कॉइल आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लास्टिकने झाकावे, ब्रश आणि डिग्रीझरने इंजिन धुऊन कोरडे करावे. पेट्रोलने धुऊ नये, आगीचा धोका असतो. मग संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन दहा-पंधरा मिनिटे गरम करावे आणि टॉर्चने पाहावे. पावडरीवर तेलाची काळी रेघ जिथून सुरू होते ती जागा खरी. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला तर थेंबांची जागा कळते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून ते ओळखता येते.

कोणतेही पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदरची नळी तपासावी. पिस्टन रिंगांवरून काही वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे मुख्य दांडा (क्रँक) फिरतो त्या कप्प्यात, उतरतो आणि ब्रीदरवाटे बाहेर जातो. ही नळी गाळाने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेलाला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. अशा इंजिनात नवे सील टाकले तरी तेही पुन्हा गळू लागते. इंजिन आयडलवर असताना तेल भरण्याचे झाकण काढावे. नळी मोकळी असूनही तोंडातून सतत जोराने धूर फेकला जात असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे पॅकिंगवर खर्च करून उपयोग नाही, इंजिनच खोलून दुरुस्त करायला आले आहे.

टॅपेट कव्हरची गळती सर्वांत जास्त आढळते आणि दुरुस्तीला सर्वांत सोपी आहे. एअर फिल्टर आणि प्लगच्या वायरी बाजूला करून कव्हर काढावे. जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमच्या हेडवर ओरखडे पडतात आणि गळती तिथूनच पुन्हा सुरू होते. दोन्ही पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडे करावेत. नवे रबरी पॅकिंग कोरडेच बसवावे, सिलिकॉन फक्त कोपऱ्यात, जिथे सांधा मोडतो तिथे टिपक्याएवढा. मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, लहान पान्याने आवळावे. जास्त आवळून गळती थांबवू पाहणे ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पॅकिंग पिळवटून बाहेर येते, पत्र्याचे कव्हर बोल्टाभोवती खोलगट होते, नाहीतर हेडमधले आटे जातात.

मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला असतो. त्याची ओ-रिंग गेली की तेल थेट बेल हाउसिंगवर (क्लचभोवतीच्या आवरणावर) ओघळते आणि क्रँकचे मागचे सील गेले असे चुकीचे निदान होते. काही रुपयांच्या रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवला जाऊ नये, म्हणून ही जागा आधी पाहावीच. डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी बॉडी आणि रोटर दोन्हींच्या जागेवर खूण करावी, बसवल्यावर टायमिंग तपासावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत हेडवरच्या पेट्रोल पंपाचे पॅकिंगही पाहावे. ऑइल प्रेशर स्विच दाबाखालच्या तेलात असतो, त्यामुळे तो फुटल्यास तेल झपाट्याने जाते. त्याची वायर काढल्यावर आत तेल दिसले तर स्विच बदलावा. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, तर इंजिन सुरू होताच तेलाची पिचकारी उडते. नव्या रिंगला तेल लावून, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा फिरवणे पुरेसे असते.

क्रँकचे पुढचे सील आणि कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) सील टायमिंग बेल्टमागे असते. तेलात भिजलेला बेल्ट पुसून पुन्हा वापरू नये, रबर फुगून दात सुटतात. खुणा जुळवून बेल्ट आणि गिअर काढावेत, सील उचकटताना दांड्याला ओरखडा जाऊ देऊ नये. दांड्यावरच्या चरीत नख अडकत असेल तर नवे सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवावे. ओठाला तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, सीलच्याच व्यासाच्या सॉकेटने सारखे ठोकत न्यावे. बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात.

चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्याच्या) ६ मिमी.च्या बोल्टांना सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात. बसवण्यापूर्वी चेंबरची कड सपाट ठोकळ्यावर ठोकून सरळ करावी. सिलिकॉनची अखंड, सुमारे ३ मिमी. जाडीची रेघ बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढावी. जास्त लावल्यास आत सुटलेले तुकडे पंपाची जाळी अडवतात. तेल भरण्याआधी पाकिटावर दिलेला वेळ सुकू द्यावे. गाडीखाली शिरताना ती जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी.

मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. क्लच प्लेट तेलात भिजली असेल तर ती त्याच वेळी बदलावी, नाहीतर क्लच घसरत राहतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सीलही तेव्हाच टाकावे.

‘स्टॉप लीक’ द्रवाने रबर थोडे फुगते. थेंबाथेंबाच्या गळतीत काही महिने निघतात, मात्र फाटलेले सील किंवा आकसलेले कॉर्क त्याने सुधारत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) तेल ठिबकत असेल तर दुरुस्ती लांबवू नये. तिथून जळका वास येतो आणि आग लागू शकते.

दुरुस्तीनंतर पन्नासेक किलोमीटरनी पुन्हा पाहावे. कॉर्कचे पॅकिंग इंजिन थंड झाल्यावर एकदा हलके आवळावे, रबराचे आवळू नये. काढलेले काळे तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा मातीत न ओतता डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.